आम्ही खणलेला डवरा

आम्ही दोघी बहिणी तीन वर्षं शाळेत गेलो नाही, हे आधीच सांगते. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या हातून पुढचं घडलंच नसतं. त्या मे महिन्यात त्या घरी तिखटमीठ लावून कैऱ्या खात बसल्या असत्या.

अंबरनाथच्या मागच्या टेकड्यांतून एक ओढा निघतो आणि बदलापूरच्या अलीकडे उल्हास नदीला मिळतो. त्यात एका कारखान्याचं पाणी सोडतात. त्या पाण्याने काठच्या वाडीचं काय केलं, यावर आमच्या मंडळाचं, म्हणजे कारखान्याविरुद्ध लढणाऱ्या आम्हा काही जणांचं, चार पानी पत्रक तयार आहे. मीच लिहिलं. पत्रकं लिहायला मी सोळाव्या वर्षी शिकले आणि त्यातला पहिला धडा असा की आरोपी एकच ठेवायचा. दोन ठेवले की वाचणारा म्हणतो, जाऊ दे, सगळेच तसे. म्हणून मूळ मजकुरातला एक परिच्छेद मंडळाने काढायला सांगितला आणि मी मुकाट्याने काढला. वाडीतल्या एका बाईचं मूल त्या पाण्यापायी गेलं, असं पत्रक म्हणतं. ते पाणी तिच्या घरात कुणी पोचवलं, हे पत्रक सांगत नाही.

आम्ही पोचवलं. आईने, मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने.

बहीण डावखुरी. ती दुसरीत असताना वर्गातल्या बाईंनी तिचा डावा हात रिबिनीने बाकाला बांधून ठेवला, उजव्याने लिहायची सवय लागावी म्हणून. आईला कळलं तेव्हा ती तडक शाळेत गेली, रिबीन सोडली, बाईंच्या टेबलावर ठेवली आणि आम्हा दोघींना घेऊन घरी आली. लग्नाआधी ती स्वतः शिक्षिका होती. संध्याकाळी अण्णा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यातून आले. हो, त्याच कारखान्यातून. ते तिथे लहानसे अधिकारी आहेत. म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?"

"विचारतील तेव्हा सांगू," आई म्हणाली. "अजून कुणी विचारलेलं नाही."

घरच्या शाळेला नियम दोनच. वाचलेलं त्याच आठवड्यात हाताने करून बघायचं, हा पहिला. दुसरा असा, की हाताने केलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे. कप्पीचा धडा झाला तेव्हा आम्ही शेजारच्या विहिरीवर कप्पी बसवून दिली. साबणाचा झाला तेव्हा आमच्या चाळीतल्या निम्म्या बायकांनी आमचा साबण वापरला आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांचे लाल झालेले हात पाहून नको म्हटलं. आईला त्या नकाराचंही काही वाटलं नाही. "हाही धडाच," ती म्हणाली. इतकी खात्री असलेली बाई मी नंतर पाहिली नाही. मंडळातही नाही.

उन्हाळ्यात शाळा बाहेर भरायची. अंधार सरायच्या आत निघायचं, ऊन तापायच्या आत परतायचं. कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, निर्वासितांच्या बराकीच्या दाराशी बसून जुन्या वस्तू विकणाऱ्या एका सिंधी आजोबांकडून आईने एक भिंग आणलं होतं. "बेटी, इससे चींटी भी हाथी दिखेगी," असं त्यांनी बहिणीला सांगितलं, म्हणून तिने पहिले चार दिवस फक्त मुंग्याच पाहिल्या. त्या भिंगातून आम्ही खेकड्याची टाकलेली कात पाहिली, सुगरणीच्या घरट्यातला चिखलाचा गोळा पाहिला, सागाच्या पानाची किड्याने खाऊन उरलेली जाळी पाहिली. खंड्या पक्षी दरडीत बीळ करून राहतो आणि त्या बिळाला सडक्या मासळीचा वास येतो, हे मी स्वतःच्या नाकाने शोधलं. पुस्तकात ते नव्हतं.

तीन उन्हाळे असे गेले. मी तेरा वर्षांची झाले, बहीण दहाची. त्या वर्षी मेच्या सुरुवातीला जेवताना अण्णा अचानक म्हणाले, "टेकडीमागच्या ओढ्याकडे यंदा जाऊ नका."

"का हो?" आईने विचारलं.

ते भाताकडे पाहत म्हणाले, "साप आहेत."

दुसऱ्या कुठल्याही घरात यावर विषय संपला असता. आमच्या घरात बहीण ताटावरून उठली आणि नवी वही घेऊन आली. तिने डाव्या हाताने पहिल्या पानावर 'साप' असं मोठं लिहिलं आणि खाली रेघ ओढली. आई हसली. अण्णा हसले नाहीत. पण पुढे बोललेही नाहीत. ते नुसतं खरं बोलले असते तरी आम्ही गेलो नसतो, एवढं मी इथे नोंदवून ठेवते.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही ओढ्यावर गेलो.

साप नव्हते. आम्ही दगड उलटले, काठी घेऊन करंजाच्या मुळांत पाहिलं. एकही नाही. मग हळूहळू लक्षात आलं की बेडूकही नाहीत. पाण्यावर घसरत पळणारे ते लांब पायांचे किडे नाहीत. दरडीतली खंड्याची बिळं होती, पण त्यांना वास नव्हता. त्यांत कोळ्यांनी जाळी विणली होती. खेकडे मात्र होते. ते पाण्यातून बाहेर येऊन दगडांवर चढून बसले होते, सगळ्यांची तोंडं पाण्यापासून उलट्या बाजूला. बहिणीने काडी लावली. एकही हलला नाही. वाळून गेले होते.

पाणी काठाशी जिथे हलत नव्हतं तिथे दगडांवर पिवळट हिरवी रेघ धरली होती.

"यंदा ऊन फार आहे," आई म्हणाली. "ओढा आटतो तेव्हा असं होतं."

बहिणीने वहीत लिहिलं: साप नाहीत. मग थोडा विचार करून लिहिलं: आवाज नाही.

ओढ्याच्या वळणावर, जरा उंचावर, दहा-बारा घरांची वाडी आहे. तिथल्या पहिल्या घरात एक म्हातारी राहते. तिला आम्ही आजी म्हणायचो, आई मावशी म्हणायची. तिचा मुलगा जंगलात लाकडं तोडायच्या कामावर, आठवडा आठवडा बाहेर. घरात ती आणि तिची सून. सुनेला आम्ही वहिनी म्हणू लागलो. वहिनी तेव्हा सातव्या महिन्यात होती. आम्ही पोचलो तेव्हा ती डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन डोंगराच्या पाऊलवाटेने उतरत होती. एक हात हंड्याला, दुसरा कळशीला. पोटाला आधार द्यायला तिसरा हात नव्हता.

"कुठून आणतेस गं पाणी?" आईने विचारलं.

"वरल्या झऱ्यावरून."

"आणि हा ओढा दाराशी असून?"

उत्तर आजीने दिलं. "ह्यो? ह्यो आता वढा नाय, बाई. ह्यो कारखान्याचा मुताडा हाय." आणि आम्ही पोरी आहोत हे लक्षात येऊन तोंडावर पदर घेतला. बहिणीला हसू आवरेना. "हस बाय, हस," आजी म्हणाली. "तुला लांबून यायचं नि लांब जायचं."

मग तिने दाखवलं. ओढ्यापासून पाच-सहा हातांवर वाळूत एक खड्डा होता, काट्यांनी बुजवलेला. याला तिकडे डवरा म्हणतात. उन्हाळ्यात वाळूत हातभर खणायचं, खाली पाणी पाझरून साठतं, ते वाटीने भरून घ्यायचं. पिढ्यान् पिढ्या वाडी त्यावर जगली. गेल्या वर्षापासून सगळ्यांनी सोडला.

"वाळूतून गाळून येतं ना पण?" आई म्हणाली.

"येतं. पन चांगलं लागत नाय."

"चांगलं लागत नाही म्हणजे कसं?"

आजीने खांदे उडवले. "चांगलं लागत नाय म्हंजे चांगलं लागत नाय. तुज्या पुस्तकात काय म्हनत्यात त्याला?"

हे वाक्य मी पुढे कितीदा आठवलंय ते माझं मला ठाऊक. ज्या बाईने साठ वर्षं त्या मातीतलं पाणी प्यायलं, ती सांगत होती की हे पाणी नको. आणि आम्ही तिला विचारत होतो, कशावरून?

परतताना वाटेत आई म्हणाली, "दिवसातून तीनदा चढते ती. या दिवसांत." त्याच आठवड्यात घरी तीन मडक्यांचा धडा झाला. वरच्या मडक्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात खडी. तिन्हींना बुडाशी भोक. वर गढूळ पाणी ओतायचं, खाली स्वच्छ गळतं. आम्ही अंगणातल्या मातीचं पाणी ओतलं, शाईचं ओतलं. शाईसुद्धा निघाली! निळं पाणी खाली पांढरं स्वच्छ. बहिणीने टाळ्या पिटल्या. मला तो क्षण अजून दिसतो. आईच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणतात.

दुसरा नियम होताच.

पुढच्या फेरीला आम्ही गोणीभर लाकडी कोळसा घेऊन गेलो. माझा खांदा सोलवटला होता. जुन्या खड्ड्यापेक्षा चार हात मागे, ओढ्यापासून लांब, आम्ही नवा डवरा खणला. कोळशाचा थर, वाळू, पुन्हा कोळसा, तळाला ओढ्यातलेच धुतलेले गोटे, कडेने दगड. वाडीतल्या बायका जमल्या.

"खड्ड्याला दागिने घालताय का, बाई?" एक म्हणाली.

"बारसं कदी?" दुसरी.

आई हसत होती आणि खणत होती. दुपारपर्यंत पाणी साचलं. तिने पेला भरला, उन्हात धरला. आरपार दिसत होतं. काठावरची सगळी माणसं त्यातून दिसत होती. आईने तो पेला सगळ्यांसमोर पिऊन टाकला. मग मी प्यायले. मग बहीण. आमच्या वहीत चवीची नोंद करायची पद्धत होती म्हणून बहिणीने जिभेवर घोळवून लिहिलं: आधी गोड, मग चमचा चाटल्यासारखं.

"मचूळ म्हण," आईने दुरुस्त केलं.

बहिणीने 'चमचा' खोडून 'मचूळ' लिहिलं.

बाकीच्या बायका निघून गेल्या. त्यांनी ते पाणी कधी नेलं नाही. पण आजी बराच वेळ पेल्याकडे पाहत उभी राहिली, मग सुनेकडे पाहिलं. सून डोंगराच्या वाटेकडे पाहत होती. "बाई स्वता प्याली," आजी स्वतःशीच म्हणाली. "पोरींना पाजलं. वाईट कशाला सांगल?" आणि सुनेला म्हणाली, "तू आता वर चढू नको. तेवडा जीव वाचंल."

पत्रकात मी लिहिलंय की कारखानदार गरिबाच्या अज्ञानावर जगतात. खोटं आहे. वाडीत अज्ञान नव्हतं. ते आम्ही गोणीतून नेलं.

त्यानंतर आम्ही आठवड्यातून एकदा जात होतो. जांभळं पिकू लागली होती, बहिणीला टेकडीवर घोरपडीचा माग सापडला होता, आणि आईने त्या महिन्याचा सगळा अभ्यास त्या वळणावर आणला होता. वहिनी आम्हाला करवंदं काढून ठेवायची. पानाच्या द्रोणात, वर ओलं फडकं. ती फारशी बोलायची नाही, पण बहिणीला डाव्या हाताने लिहिताना बघत बसायची. एकदा म्हणाली, "माज्या आईशीचा पन ह्योच हात. कोयता डाव्यानं मारायची. झाड तर पडायचं नव्हं?" घरी परतताना बहीण ते वाक्य पाठ म्हणत होती.

पहिल्या आठवड्यात आजीची शेळी डवऱ्याशी आली, नाक लावलं, मागे सरली आणि डोंगराच्या वाटेला लागली. "बकरीला नखरे सुचाया लागले," आजी म्हणाली. आम्ही हसलो.

दुसऱ्या आठवड्यात वहिनीचं तोंड आलं होतं. बोलताना ओठ मिटत नव्हते. उन्हाने, आई म्हणाली. करवंदं जास्त खाल्ल्याने.

तिसऱ्या आठवड्यात बहिणीने वहिनीच्या तांब्याच्या हंड्यात डोकं घातलं. तिला कशातही डोकं घालायची सवय होती. "आई, हंडा आतून हिरवा झालाय."

"आंबट लागलं की तांबं तसं होतं."

"आंबट कुठून आलं?"

तीन वर्षांत पहिल्यांदा आईने आमच्या प्रश्नाला ना उत्तर दिलं, ना चला शोधू या म्हटलं. वहिनी चुलीशी बसली होती. पेला हातात घेताना तिचा हात थरथरत होता आणि पाणी पेल्याच्या कडेवरून सांडत होतं. मी ते पाहिलं. वहीत लिहिलं नाही. झाडं, किडे आणि पाणी यांच्या नोंदी करायच्या, माणसांच्या नाही, अशी आमची पद्धत.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवायला बसलो होतो. मी विचारलं, "अण्णा, कोळसा सगळं गाळतो का?"

"काय सगळं?"

"पाण्यातली घाण."

"दिसते ती गाळतो. रंग काढतो, वास काढतो." ते आमटी ओतून घेत होते. "विरघळलेलं कसं गाळेल? मिठाचं पाणी वाळूतून सोडलंस तर गोडं होईल का? कुठला धडा चाललाय?"

"टेकडीमागे डवरा खणलाय आम्ही. वाडीतली वहिनी त्याचं पाणी पिते."

त्यांचा हात आमटीच्या वाटीवर तसाच राहिला. "टेकडीमागे कुठे?"

"ओढ्यावर."

"मी जाऊ नका म्हटलं होतं."

"तुम्ही साप आहेत म्हणालात," बहीण म्हणाली. "नव्हते. आम्ही सगळे दगड पाहिले."

आईने ताट बाजूला सारलं. "अहो, त्या पाण्यात काय आहे?"

"ते मला बाहेर बोलता येत नाही."

"हे बाहेर नाही. हे घर आहे."

"किती दिवस पिते ती?" अण्णांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजावरून मला सगळं कळलं.

"वीस-बावीस दिवस झाले," आई म्हणाली. "गरोदर आहे ती. म्हणूनच तर खणला."

अण्णा अर्ध्या जेवणावरून उठले. मोरीवर जाऊन हात धुवायला लागले आणि धूतच राहिले. पाठमोरेच म्हणाले, "साप म्हटलं की कुठल्याही घरातली मुलं जात नाहीत." मग म्हणाले, "जा आणि बंद करा ते. आत्ता जा."

आम्ही भर उन्हात निघालो. खरकटी ताटं तशीच. आई चालत नव्हती, जवळजवळ धावत होती. तिच्या मागे बहीण, आणि बहिणीच्या पायात चपला नव्हत्या हे आम्हाला टेकडी ओलांडेपर्यंत कळलं नाही. मी तिला पाठीवर घेतलं. वाटेत कुणीच भेटलं नाही. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

आजी ओट्यावर एकटी बसली होती. "पहाटेपास्नं उलट्या लागल्या तिला," ती म्हणाली. "डोळे फिरवत हुती. बैलगाडीतनं नेलं ठेसनावर, थितनं कल्यानच्या दवाखान्यात. पोरगा संगं हाय."

आई आत गेली. चुलीशेजारी भरलेला हंडा होता. तिने तो आडवा केला. पाणी घरभर पसरलं.

"अगं बाई! पानी काय सांडतीस? तिनं काल वाकून वाकून भरलेलं!"

"मावशी, ते पाणी वाईट आहे. माझं चुकलं."

आजी उठून दारात आली. जमिनीवरच्या पाण्याकडे पाहिलं, मग आईकडे. "तू प्यालीस ना पन?"

"एक पेला. एकदाच."

"पोरींना पाजलंस."

"मला ठाऊक नव्हतं, मावशी."

"मला हुतं," आजी म्हणाली. "मला ठावं हुतं, आनि मी तुजं आयकलं."

तिने कोपऱ्यातला कोयता घेतला, बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि डवरा बुजवायला लागली. आम्ही मदतीला वाकलो तेव्हा तिने नुसता हात आडवा केला. मग आम्ही उभ्या राहून पाहत राहिलो. कडेचे दगड, जे मी एकेक निवडून लावले होते, ते तिने पायाने आत लोटले.

वहिनी वाचली. मूल मेलेलं जन्मलं. मुलगी होती. पाण्याने की आणखी कशाने, हे दवाखान्यात कुणी छातीठोक सांगेना, आणि मंडळातले वकील म्हणतात की यावरच सगळं प्रकरण अडेल. अडू दे. मी त्या पाण्याच्या तळाशी हात घातलेला आहे. मला कुणाच्या दाखल्याची गरज नाही.

वहिनी परत आल्यावर आई रोज पहाटे वाडीत जायची. वरच्या झऱ्यावरून तिच्या घरचं सगळं पाणी आई आणायची. हंडा डोक्यावर घ्यायची सवय नव्हती, मान धरली, एकदा घसरून गुडघा फुटला. आजी तिला अडवायची नाही आणि या, बसा असंही म्हणायची नाही. रिकामी कळशी ओट्यावर ठेवून आत जायची, एवढंच. पावसाने झरे फुटेपर्यंत हे चाललं. त्याच जूनमध्ये आईने आम्हाला दोघींना शाळेत घातलं. फाटकाशी बहिणीला म्हणाली, "उजव्या हाताने लिही म्हणाल्या तर लिही." मला वाटतं त्या दिवशी आई जितकी हरली तितकी पुन्हा कधी हरली नाही.

अण्णा कारखान्यात जात राहिले. अजून जातात. त्यांना तेव्हाच माहीत होतं काय सोडतात ते, कुणाला सांगायचं नाही तेही माहीत होतं, आणि बायकोमुलींपुरतं त्यांनी एक खोटं रचून दिलं. कारखान्याला उंच कुंपण आहे. पाण्याला कुंपण नाही, हे न समजण्याइतके ते अडाणी नव्हते. मी त्यांच्याशी याविषयी सहा वर्षांत एकदाही बोलले नाही. घरातल्या माणसाविरुद्ध पत्रक काढता येत नाही.

आता या आठवड्यातली गोष्ट.

पत्रक कॅम्पातल्या एका छापखान्यात खिळे जुळवून तयार झालं. फक्त वाडीच्या वतीने वहिनीचा अंगठा हवा होता. परवा मी कागद घेऊन गेले. आजी आता नाही. वहिनीला त्यानंतर मूल झालं नाही. तिने मला ओळखलं, बसायला घोंगडी टाकली. मी चारी पानं वाचून दाखवली. ती शेणाचे हात कोपरापर्यंत वर धरून उभ्यानेच ऐकत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"हो."

"डवरा कुनी खनला, ते नाय आलं."

मी सांगितलं की तो भाग काढलाय. असं असं कारण आहे. तो ठेवला तर कारखानदार तेवढंच धरून बसतील, म्हणतील पाहा, यांचं यांनीच केलं.

"मंग माजा अंगठा नको."

"वहिनी, अगं, तुझ्याचसाठी..."

"माज्यासाटी तवाबी केलंत तुमी." ती शांतपणे म्हणाली. "लोक इचारतात, वाडीत बाकी कुनी प्यालं नाय, तूच कशी प्याली? येडी हुतीस का? सासूनंबी मरस्तवर आयकलं ह्ये. माजा नवरा आजबी म्हनतो. मी काय बोलू? बाईंनी पिऊन दाकवलं म्हून प्याले, ह्ये कंच्या कागदात हाय?"

सहा वर्षं त्या बाईला सगळी वाडी मूर्ख म्हणत होती, आणि ते खोडून काढणारा एकुलता एक परिच्छेद मी माझ्या हाताने कापला होता.

"लिव," ती म्हणाली. "मी सांगते तसं लिव."

मी पाचवं पान घेतलं. तिने सांगितलं, मी लिहिलं. वाडीने डवरा सोडला होता. बाई आल्या. कोळसा घातला. पेला पिऊन दाखवला. पोरींनीही प्यायलं. म्हणून मी प्याले. पाण्यात विष आहे हे कारखान्यातल्या माणसांना ठाऊक होतं आणि बाईंच्या नवऱ्यालाही ठाऊक होतं. शाईची डबी मी विसरले होते. तिने हात धुतले, तव्याच्या बुडाचं काजळ अंगठ्याला लावलं आणि खाली दाबला.

"आता तुज्या आईची सही घे ह्याच्याखाली," ती म्हणाली. "आनि तुज्या बापाची."

आईने कागद वाचला आणि उभ्या उभ्या सही केली. मंडळाला मी कळवलं की पत्रक पाच पानांचं निघेल, नाहीतर माझ्याशिवाय निघेल. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल संध्याकाळी अण्णांसमोर तोच कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. त्यात ते जिथे येतात तिथे बोट ठेवलं. मला वाटलं फाडतील. ते म्हणाले, "वरच्या साहेबांना मराठी येत नाही." आणि टेबलाशी बसून त्यांनी सगळा मजकूर ओळीओळीने इंग्रजीत उतरवला, कचेरीतल्या सुवाच्य अक्षरात. स्वतःबद्दलचं वाक्यही उतरवलं. मी शेजारी उभी राहून तपासलं, काही गाळलं नव्हतं. सही मात्र केली नाही.

आज सकाळी दोन्ही कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घालून ते कामावर गेले. मूळ कागद ठेवून जा, असं मी म्हणायला हवं होतं. अंगठा त्याच्यावर आहे. मी म्हटलं नाही.

संध्याकाळचा भोंगा होऊन बराच वेळ झाला. त्यांच्या पाळीची माणसं चाळीत परतली, हातपाय धुऊन ओट्यांवर येऊन बसली. आईने दोनदा चहा गरम केला. शेजारच्यांना विचारलं तर ते म्हणाले, दुपारी साहेबांनी आत बोलावलं होतं, त्यानंतर पाहिलं नाही. मी दार उघडं ठेवून हे लिहिते आहे.